हाताला काम : धार राहू द्या, टोक काढा

प्रश्न : बाई, नमस्कार. माझा मुलगा दुसरीत आहे, नुकतीच सात वर्षं पूर्ण झाली. माझा भाऊ जर्मनीत असतो, दिवाळीला येतोय. ‘भाच्याला काय आणू?’ असं त्यानं विचारल्याबरोबर पठ्ठ्यानं माझ्या हातातून फोन ओढून घेतला आणि ‘खिशातला चाकू’ सांगून मोकळा झाला. भाऊही लगेच तयार! म्हणतो, तिकडे मुलांसाठी वेगळे चाकू मिळतात. सासूबाईंचं म्हणणं, धारेची वस्तू भेट देऊ नये, नातं तुटतं. यजमान म्हणतात, आणू दे, पण आपण त्याची धार घालवून टाकू. मला तिघांचंही थोडं थोडं पटतंय. द्यावा का? आणि द्यायचाच तर कोणता? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : तिघांत सर्वांत धोक्याचं म्हणणं तुमच्या यजमानांचं आहे, म्हणून आधी त्यांनाच उत्तर देते.

मला नोकरीला लागून दुसरं वर्ष होतं. सहावीच्या वर्गाला कार्यानुभवात आकाशकंदील करायचा होता. बांबूच्या कामट्या तासायला वीस चाकू आणले. पोरं आहेत, उगाच काही व्हायला नको, म्हणून आदल्या संध्याकाळी वर्गातल्या शहाबादी फरशीवर घासघासून मी एकेकाची धार घालवली. फार शहाणपण केलं असं तेव्हा वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी एका मुलीची कामटी पेरावर अडली. चाकू चालेना, म्हणून तिनं अंगाचा भार दिला. पातं पेरावरून निसटलं ते थेट दुसऱ्या हाताच्या अंगठ्याखाली. चार टाके पडले.

संध्याकाळी माझे वडील शाळेत आले. ते सुतार. एक चाकू उचलून त्यांनी पातं स्वतःच्या नखावर तिरकं टेकवलं. धार असली की पातं नखाला चावतं, जागचं हलत नाही. हे सुळकन घसरलं. ‘याला जोर लावावा लागतो. जोर लावला की हात आपल्या ताब्यात राहत नाही,’ एवढंच म्हणाले आणि रात्री दगड घेऊन वीसच्या वीस चाकू पाजवत बसले. पण पाजवण्याआधी कानस घेऊन प्रत्येक पात्याचं टोक त्यांनी गोल करून टाकलं. पुढे जवळजवळ तीस वर्षं मी तेच चाकू आणि त्यांच्यासारखेच दुसरे वर्गात वापरले. बोटं कापली, नाही असं नाही. टाक्यांपर्यंत मात्र पुन्हा प्रकरण गेलं नाही.

तेव्हा यजमानांना सांगा, धार राहू द्या, टोक काढा. टोक लागतं भोक पाडायला आणि खुपसायला, आणि ही दोन्ही कामं लहान मुलाला चाकूनं करूच द्यायची नाहीत. मुलं हातात चाकू असतानाच कुणी हाक मारली की गर्रकन वळतात, आणि शेजारी दुसरं पोर उभं असतं. गोल टोकानं ओरखडा जाईल, आत घुसणार नाही.

सासूबाईंना मी उडवून लावणार नाही. आमच्याकडेही रिकामी कात्री वाजवली की घरात भांडण होतं म्हणत आणि मी अजून वाजवत नाही. यावर तोड सोपी आहे. मामानं चाकू पुढे केला की भाच्यानं त्याच्या हातावर एक रुपया ठेवायचा. झाला व्यवहार, भेट दिलीच नाही! युरोपातही हीच पळवाट आहे, तिथेही चाकू मिळाला की बदल्यात नाणं देतात. तुमच्या भावाला बहुधा ठाऊक असेल.

आता वयाचं. सात हा आकडा मला काहीच सांगत नाही. माझ्याकडे पाचव्या वर्षी भेंडी नीट चिरणारी मुलं आली आणि नवव्या वर्षी पट्टी हातात दिली तरी तिची तलवार करणारीही आली. तुमच्या मुलाला एक पिकलं केळं, लाकडी पोळपाट आणि जेवणाच्या टेबलावरची बोथट सुरी द्या. (हो, इथे बोथट चालेल, केळ्याला जोर लागत नाही.) तो चकत्या करत असताना दुसऱ्या खोलीतून त्याला हाक मारा. त्यानं आधी सुरी खाली ठेवली आणि मग मान वळवली, तर मामाला फोन करायला हरकत नाही. सुरीसकट धावत आला, तर महिनाभर केळीच. शिकरण करून संपवा.

दुसरी परीक्षा चाकू घरात आल्यावर. मिटलेला चाकू त्याच्या हातात द्या आणि उघडायला सांगा. पात्याच्या अंगावर नखासाठी खाच असते, तिच्यात नख घालून त्याला स्वतःला पातं बाहेर काढता आलं पाहिजे आणि मिटतानाही बोटं वाटेत न येता मिटता आलं पाहिजे. आईबाबांनी उघडून द्यायचा असेल, तर तो चाकू अजून त्याचा झालेला नाही. दातांनी उघडायला गेला तर सरळ काढून घ्या.

कोणता? तुमच्या भावाला तिकडे दोन सहज मिळतील. एक स्विस, व्हिक्टोरिनॉक्सचा. श्विझ परगण्यातल्या इबाख गावची ही कंपनी १८८४ साली सुरू झाली आणि १८९१ पासून स्विस सैनिकांना चाकू पुरवू लागली. लाल मुठीवर पांढरा क्रॉस, तोच तो. लहान मुलांसाठी ते गोल टोकाचं पातं असलेला वेगळा चाकू करतात, मिटलेला ८४ मिलिमीटरचा. दुसरा फ्रेंच, ओपिनेलचा. सॅव्हॉयच्या डोंगराळ मुलखात १८९० पासून हे चाकू होतात. लाकडी गोल मूठ आणि एक पातं, संपलं. त्यांच्या आकारांना नंबर असतात. मुलांचा असतो तो ७ नंबरचा, गोल टोकाचा, साधारण ८ सेंटिमीटर पात्याचा.

दोघांत खरा फरक सांध्यात आहे. स्विस चाकू आतल्या पट्टीच्या ताणावर उघडा राहतो. पात्याच्या पाठीवर दाब आला तर तो मिटू शकतो, आणि मिटतो तो बोटांवर. ओपिनेलच्या सांध्यावर लोखंडी कडं असतं. चाकू उघडला की कडं थोडं फिरवायचं, मग पातं मिटत नाही. हे कडं १९५५ साली आलं, त्याआधीची साठेक वर्षं लोक बिनकड्याचाच वापरत होते. सात वर्षांच्या मुलाला, घरात आणि तुमच्या डोळ्यांसमोर वापरायला, मी कड्याचा चाकू देईन. फक्त कडं फिरवायला त्याच्या बोटांत बळ आहे का, ते बघा. आणि एक कोकणातला अनुभव. लाकडी मूठ पावसाळ्यात फुगते आणि पातं आतच अडकून बसतं. डोंबिवलीचा जुलै काही कमी नाही. ओल्या हातानं ठेवू नका, नळाखाली धुऊ नका, ओल्या फडक्यानं पुसून वारा लागू द्या. अडकलाच तर पक्कड लावू नका, दोन दिवस कोरड्या जागी ठेवा, लाकूड आपसूक बसतं.

एक मात्र मामाला बजावून सांगा. बारा-पंधरा अवजारांचा जाडजूड चाकू नको. मुलाला तोच हवा असणार, कारण त्यात कात्री, करवत, बूच काढायचा मळसूत्री काटा असं सगळं असतं. पण ती मूठ त्याच्या मुठीत मावत नाही आणि पहिला आठवडा नुसतं एकेक उघडून दाखवण्यात जातो. शिवाय चाकू विमानात हातातल्या सामानात चालत नाही, मोठ्या बॅगेत टाकायला सांगा. सुरक्षा तपासणीच्या टोपलीत भेटवस्तू सोडून आलेले मामा मी पाहिले आहेत.

परदेशी चाकू हवाच असं काही नाही. जत्रेत किंवा भांड्यांच्या दुकानात मिटवायचा साधा चाकू मिळतो. तो अर्धा उघडून पातं चिमटीत धरा आणि डावीउजवीकडे हलवून बघा. सांध्याची खीळ सैल असेल तर पातं लुटुलुटु हलतं, तो परत ठेवा. मिटल्यावर टोक मुठीबाहेर डोकावत असेल तर तोही नको. बटण दाबल्यावर सटकन उघडणारा खटक्याचा तर बघूही नका. चांगला मिळाला तर टोक कानशीनं गोल करा, दहा मिनिटांचं काम आहे.

कायद्याची भीती बाळगायचं कारण नाही. शस्त्र कायद्याचे नियम ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या हत्यारांबद्दल बोलतात. तुमचा चाकू त्याच्या आसपासही जात नाही. तरी शाळेचं दप्तर, लोकल, मेट्रो इथे तो न्यायचा नाही. चाकू घरी, कपाटात, वरच्या कप्प्यात. तो चाकूचा मालक आणि कपाटाची किल्ली तुमच्याकडे, हे पहिल्याच दिवशी ठरवून टाका.

आता बसायची रीत, कारण इथे आपण मराठी माणसं हमखास चुकतो. आपण मांडी घालून बसतो. मांडी घातली की तासायची काठी येते बरोबर मांडीवर, आणि चाकू निसटला तर जातो मांडीच्या आतल्या बाजूला, जिथे मोठी रक्तवाहिनी आहे. म्हणून मुलाला स्टुलावर किंवा पायरीवर बसवा. दोन्ही कोपरं गुडघ्यांवर टेकवायची आणि काम गुडघ्यांच्या पुढे, मोकळ्या हवेत. पातं नेहमी अंगापासून दूर चालवायचं. बसण्याआधी मिटलेला चाकू धरलेला हात लांब करून चौफेर फिरवायचा, स्काउटमध्ये हे शिकवतात. त्या रिंगणात कुणी आलं, अगदी मांजर आलं तरी, काम बंद. चाकू एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाही, मिटून खाली ठेवायचा, दुसऱ्यानं उचलायचा. सासूबाईंनाही हे आवडेल.

आधी काम द्या, मग चाकू. नाहीतर सोफ्याची कड तासली जाते. पहिला आठवडा साबणाची वडी. तिचा मासा होतो, होडी होते, चुकलं तरी अंघोळीला उपयोगी पडते. मग बटाट्याचे ठसे. त्यानंतर शेवग्याची बोटाएवढी ओली फांदी, तिची नुसती साल काढायची. पातं जवळजवळ आडवं ठेवलं की हिरवी साल लांबच लांब रिबिनीसारखी सुटत येते, खाली ओलसर पांढरं लाकूड लागतं आणि मुळ्यासारखा उग्र वास येतो. पातं उभं धरलं की रिबीन तुटते आणि चाकू लाकडात रुततो. हे मुलाला तोंडानं सांगावं लागत नाही, फांदीच सांगते. पांगाऱ्याचं लाकूड मिळालं तर फारच छान, लोण्यासारखं कापतं. सावंतवाडीची लाकडी फळं पूर्वी त्याचीच होत. फक्त त्याच्या फांद्यांना काटे असतात, ते तुम्ही काढून द्या.

कण्हेरीची काठी मात्र कधीही नाही. ती दिसते सरळसोट, देखणी, पण झाड विषारी आहे, आणि मुलं तासलेली काठी हमखास तोंडात घालतात. रुई आणि शेरही नको, चीक डोळ्यांत गेला तर पंचाईत.

बोट कापेल. पहिल्या महिन्यात कापेल असं धरूनच चाला. वाहत्या पाण्याखाली धुवा, स्वच्छ कापड धरून दहा मिनिटं दाबून ठेवा, मधे मधे उघडून बघू नका, हात वर ठेवा. हळद डब्यातच राहू द्या. बोट वाकत नसेल, बधिर वाटत असेल, किंवा दाबूनही रक्त थांबत नसेल तर डॉक्टर. पाच वर्षांचा धनुर्वाताचा डोस झाला आहे ना, ते त्याच्या लसीच्या कार्डावर आजच बघा. आणि बोट कापल्यावर त्या दिवशी चाकू जप्त करू नका. पट्टी बांधून झाली की त्यालाच तो पुसून, मिटून जागेवर ठेवायला लावा.

प्रश्न : बाई, मुलीकडे इंग्लंडला तीन महिने चाललो आहे. नातू आठ वर्षांचा. लहानपणी मला माझ्या आजोबांनी चाकू दिला होता, तसा त्याला द्यावा असं मनात आहे. मुलगी म्हणते, ‘बाबा, इथे चाकूचं नावही काढू नका.’ खरंच इतकं कडक आहे का? (एक आजोबा, सातारा)

उत्तर : आजोबा, मुलीचं ऐका, पण पूर्ण हिरमुसू नका. तिथे चाकूहल्ल्यांची चिंता खरी आहे आणि कायदा स्पष्ट आहे. १९८८ च्या कायद्याप्रमाणे सार्वजनिक जागी विनाकारण जवळ बाळगता येतो तो फक्त मिटणारा, उघडल्यावर पातं पक्कं न होणारा आणि ३ इंचांपर्यंतच्या पात्याचा चाकू. त्यामुळे वर डोंबिवलीच्या बाईंना सुचवलेला कड्याचा चाकू तुमच्या नातवाला नको. कडं फिरवून पातं पक्कं होतं, म्हणजे तो त्या सवलतीत बसत नाही, आणि पातंही ३ इंचांहून थोडं लांबच आहे. घरात वापरायला कुणी हरकत घेणार नाही, पण मुलाच्या खिशात काय राहून जाईल याचा नेम नसतो. त्याच्यासाठी गोल टोकाचा स्विस चाकू बरा. इथे मला सांध्याचा धोका पत्करावा लागतोय, म्हणून तुम्ही शेजारी बसा आणि पात्याच्या पाठीवर दाब येईल असं काहीच करू देऊ नका. तिथे अठरा वर्षांखालच्या मुलाला चाकू विकायला बंदी आहे, ३ इंचांपर्यंतचा मिटणारा तेवढा त्यातून सुटतो. तरी नातवाला पैसे देऊन पाठवू नका, स्वतः जा.

आणि आधी मुलीला विचारा. तिच्या घरात तिच्या मनाविरुद्ध आणलेला चाकू तीन महिन्यांनी तुम्ही विमानात बसलात की माळ्यावर जाईल. ती नाहीच म्हणाली तर तुमच्या आजोबांचा चाकू न्या, नुसता दाखवायला, मोठ्या बॅगेतून. संध्याकाळी दोघं मिळून त्याचं पातं पुसा, तेल द्या, त्या चाकूनं तुम्ही पहिल्यांदा काय कापलं होतंत ते सांगा.

प्रश्न : बाई, मी पाचवीत आहे. माझा भाऊ तिसरीत आहे. बाबांनी त्याला चाकू आणला. मी मागितला तर म्हणाले, मुलीला काय करायचाय. मी रोज आईला विळीवर भाजी चिरून देते. भाऊ चाकूनं फक्त पेन्सिल तासतो. मला विटी करायची आहे. (एक वाचक, कुडाळ)

उत्तर : बेटा, हे तुझ्या बाबांसाठी आहे, त्यांना वाचून दाखव.

बाबा, इतकी वर्षं मी हे सदर लिहिते. मुलाला चाकू द्यावा का, असं विचारणारी पत्रं मला दर दोन-तीन महिन्यांनी येतात. मुलीला विळीवर बसवावं का, असं एकानंही कधी विचारलं नाही. विळीचं पातं मिटत नाही. ते उघडं उभं असतं आणि आपण हात त्याच्याकडे नेतो. वर मी सांगितलेल्या सगळ्या नियमांच्या बरोबर उलट. दहा वर्षांची मुलगी रोज ते सांभाळते आहे, म्हणजे तुमच्या घरात चाकू द्यायला सर्वांत लायक कोण, हे तुम्हालाच दिसेल. दुसरा चाकू आणा. भावाचा उसना नको.

आता तू. विटीला पेरूची अंगठ्याएवढी जाड, सरळ फांदी घे, थोडी ओली असतानाच. बहुतेक मुलं आधी बोटभर तुकडा तोडतात आणि मग टोकं काढायला बसतात. एक टोक होतं. दुसरं काढायला गेलं की धरायला काही उरत नाही, चाकू बोटांपाशी येतो आणि मग आई ओरडते. तू फांदी हातभर लांब ठेव. पुढचं टोक आधी तास, फांदी फिरवत फिरवत, अंगापासून दूर. मग त्या टोकापासून तळहाताएवढं अंतर सोडून फांदीला चहूबाजूंनी कंबर पाड. कंबरेच्या दोन्ही बाजूंनी उतार देत, एका वेळी पातळ ढलपी काढत जा. मधला भाग पेन्सिलीएवढा उरला की थांब. चाकू मिटून ठेव आणि बाबांना करवत धरायला सांग, तेवढं त्यांनी करावं. विटी दोन्ही टोकं घेऊन सुटी होते आणि हातात उरलेल्या फांदीचं एक टोक पुढच्या विटीसाठी आधीच तासलेलं असतं.